अलिकांतेला राहायला जाताना: कागदांचा क्रम, घर आणि स्वयंपाकघर

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला अलिकांते आहे. भाडं बार्सिलोनापेक्षा बरंच कमी आहे. विमानतळ शहराजवळ आहे आणि तिथून सी-६ बस थेट मध्यवस्तीत येते. माद्रिद वेगवान रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास. ट्राम आणि बसवर भागतं, गाडी लागत नाही. युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय याच शहरात असल्यामुळे परदेशी माणसाची इथे सवय आहे.

पण हे शहर स्वस्त पडतं ते कागदांचा क्रम जमला तरच. पत्त्याशिवाय पालिकेत नोंद होत नाही. ती नोंद नसेल तर ओळखपत्राचं काम अडतं, आणि ओळखपत्र नसेल तर बरेच घरमालक दारात उभं करत नाहीत. क्रम चुकला की दोन-तीन महिने पर्यटकांच्या दरानं राहावं लागतं आणि वर्षभराची बचत तिथेच जाते. पुढची माहिती भारतीय पासपोर्टवर महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून निघणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: व्हिसा कोणता, हे आधी ठरवा

मालमत्ता विकत घेऊन मिळणारा 'गोल्डन व्हिसा' स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. अजूनही तो विकणारे एजंट भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. सामान्य माणसाला दोन वाटा उरतात.

पहिली वाट 'नो लुक्रातिवा', म्हणजे काम न करता राहण्याचा व्हिसा. पेन्शन, व्याज किंवा घरभाड्यावर जगणाऱ्यांसाठी तो आहे. अट इप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकाच्या ४०० टक्के उत्पन्नाची. इप्रेम महिना ६०० युरो धरला तर एकट्याला वर्षाला २८,८०० युरो, आणि सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ७,२००. म्हणजे नवरा-बायकोला ३६,००० युरो दाखवावे लागतात. या व्हिसावर लॅपटॉपवरून भारतातल्या कंपनीचं काम करणंही चालत नाही. 'कोणाला कळणार आहे' असा सल्ला देणारे खूप भेटतील, पण नूतनीकरणाच्या वेळी बँकेच्या नोंदींत पगार दिसतो.

दुसरी वाट 'तेलेत्राबाखो', म्हणजे दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा. तो २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून आला. उत्पन्नाची अट किमान वेतनाच्या दुप्पट. २०२५ चं किमान वेतन १,१८४ युरो, वर्षाला १४ हप्ते. बारा महिन्यांत वाटल्यास १,३८१ युरो होतात, म्हणून अर्जदाराला महिना सुमारे २,७६३. जोडीदारासाठी त्या वेतनाचे ७५ टक्के, म्हणजे १,०३६, आणि पुढच्या प्रत्येक व्यक्तीसाठी २५ टक्के, म्हणजे ३४५. तिघांच्या कुटुंबाला ४,१४४ युरो. हा आकडा दरवर्षी वाढतो, म्हणून अर्जाच्या महिन्यात पुन्हा तपासा. शिवाय कंपनी किमान एक वर्ष जुनी, तिच्याशी संबंध किमान तीन महिन्यांचा, आणि पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव हवा. स्वतंत्र व्यावसायिकाला स्पॅनिश ग्राहकांकडून एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच उत्पन्न घेता येतं.

इथे पुणे-मुंबईचे पगारदार हमखास अडकतात. स्पेनला विचारायचं असतं की तुमची सामाजिक सुरक्षेची वर्गणी कोण भरतं. ज्या देशांशी स्पेनचा करार आहे तिथला कर्मचारी मायदेशातलं प्रमाणपत्र दाखवून मोकळा होतो. भारताशी असा करार लागू नाही, त्यामुळे पीएफचा उतारा कामाला येत नाही. मग एकतर कंपनीनं स्पेनमध्ये सामाजिक सुरक्षेची नोंदणी करावी, जी भारतीय कंपन्या क्वचित करतात, किंवा नोकरी सोडून त्याच कंपनीशी सल्लागार म्हणून करार करावा आणि स्पेनमध्ये 'आउतोनोमो', म्हणजे स्वयंरोजगारी, म्हणून नोंद करावी. नव्या आउतोनोमोला पहिले १२ महिने वर्गणी महिना ८० युरोंच्या आसपास असते, नंतर ती उत्पन्नाप्रमाणे वाढते. सल्लागाराचा करार व्हिसाच्या अर्जाआधी तीन महिने सुरू झालेला हवा. एचआरशी बोलणी सगळ्यात आधी उरका, घर आणि शाळा त्यानंतर.

हा व्हिसा मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीतून घेतला तर एक वर्षाचा मिळतो. स्पेनमध्ये वैध शेंगेन व्हिसावर असताना तिथल्या यूजीई या विभागाकडे अर्ज केला तर थेट तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, आणि निर्णयाची मुदत कामाचे २० दिवस असते. दुसरा मार्ग आकर्षक आहे, पण पर्यटक व्हिसा दोन-तीन आठवड्यांचाच मिळाला आणि एखादा कागद कमी पडला तर परत यावं लागतं. लहान मुलं सोबत असतील तर मुंबईचाच मार्ग धरावा.

पायरी २: भारतातले कागद

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयाचं घ्या, स्थानिक पोलीस ठाण्याचं नको. ते सहा महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून शेवटी काढा. विवाह आणि जन्म प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का. पदवीचाही राज्य पातळीवरचा टप्पा असतो, तो वेगळ्या विभागाकडे.

भाषांतर नेहमी अपोस्टिलनंतर. अपोस्टिलचा शिक्काही स्पॅनिशमध्ये उतरवावा लागतो. आधी भाषांतर केलं तर ते पुन्हा करावं लागतं आणि पैसे दुप्पट जातात. भाषांतरकार स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीतला, 'त्रादुक्तोर खुरादो', असावा. इंग्रजीतून स्पॅनिश करणारे भरपूर आहेत, मराठीतून करणारा शोधणं अवघड. म्हणून जुनं हस्तलिखित मराठी प्रमाणपत्र असेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवं, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेलं काढून घ्या.

आता नावाची गोष्ट, जी मराठी कुटुंबांना फार त्रास देते. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि पदवीवर पुन्हा माहेरचं. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर नाव बदलतच नाही, त्यामुळे अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि त्यालाही अपोस्टिल व भाषांतर जोडा. दुसरी अडचण अशी की स्पॅनिश अर्जात पहिलं आणि दुसरं अशा दोन आडनावांचे रकाने असतात, आणि खिडकीवरचा कारकून सवयीनं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आडनावाच्या रकान्यात घालतो. दुसरा रकाना रिकामा ठेवायला सांगा. छापील कागदावर सही करण्याआधी प्रत्येक वेळी नाव पासपोर्टशी ताडून पाहा. एकदा चुकलेलं नाव बँक, वीज, दवाखाना, सगळीकडे पसरतं.

आरोग्य विमा स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचा, 'सिन कोपागो' आणि 'सिन कारेन्सिया' हवा. म्हणजे दर भेटीला पैसे नाहीत आणि प्रतीक्षेचा काळ नाही. प्रवास विमा चालत नाही.

निघण्याआधी भारतात आणखी तीन कामं: बँकेचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या, घर किंवा शेतीसाठी मुखत्यारपत्र इथेच नोंदवा, नाहीतर त्यासाठी माद्रिदच्या दूतावासाची वारी होते, आणि आधारशी जोडलेलं सिम चालू राहील अशी सोय करा. ओटीपी न आल्यानं स्वतःच्याच पैशांना मुकलेली माणसं कमी नाहीत. घर भाड्यानं देऊन जात असाल तर भाडेकरूला आधीच सांगा की मालक अनिवासी झाल्यावर त्याला टीडीएस कापावा लागतो.

पायरी ३: किती पैसे हाताशी

दोन झोपायच्या खोल्यांचं साधं घर महिना १,००० युरोंच्या आसपास धरा. कायद्यानं एक महिन्याची अनामत, म्हणजे 'फियान्सा', आणि मालक वर दोन महिन्यांपर्यंत जादा हमी मागू शकतो. म्हणजे पहिल्या महिन्याचं भाडं धरून दाराची किल्ली हातात येताना ४,००० युरो जातात. त्यात पहिल्या महिन्याची तात्पुरती खोली, फी, किरकोळ सामान. कुटुंबाला ७,००० युरो मोकळे हवेत, व्हिसासाठी दाखवलेल्या रकमेव्यतिरिक्त.

भारतातून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर अडकतो. मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत रक्कम विभागली की भार हलका होतो.

पायरी ४: कधी पोहोचायचं, सामानात काय

जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. भाडी चढलेली असतात आणि ऑगस्टमध्ये निम्मी कार्यालयं सुट्टीवर. सप्टेंबरात विद्यार्थ्यांची गर्दी. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही नाहीत. अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन एवढीच सूट आहे, त्यामुळे हापूस आणि कढीपत्ता दोन्ही जप्त होतात. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, पापड, कोकम बिनधास्त न्या.

वीज २३० व्होल्टचीच असल्यानं मिक्सर चालतो, पण आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. अर्थिंग असलेलं जड अॅडॉप्टर घ्या, विमानतळावरचं हलकं मिक्सरच्या भारानं वितळतं. कुकर मात्र विचारपूर्वक निवडा. इथे शेगड्या तीन तऱ्हेच्या: जुन्या घरात १२.५ किलोचा नारिंगी ब्युटेन सिलिंडर, बहुतेक घरांत काचेची विट्रोसेरामिका, नव्यांत इंडक्शन. ॲल्युमिनियमचा कुकर पहिल्या दोन्हींवर चालतो, इंडक्शनवर गरमच होत नाही. घर ठरण्याआधी कुठली शेगडी मिळेल ते माहीत नसतं, म्हणून बुडाला लोहचुंबक चिकटेल असा स्टीलचा कुकर आणि सपाट तवा न्या. गोल बुडाची कढई काचेवर निरुपयोगी.

चणाडाळीचं पीठ 'आरिना दे गार्बान्सो' नावानं मिळतं. मसूर, छोले, राजमा कुठेही. तूरडाळ आणि चक्कीचा आटा मात्र दक्षिण आशियाई दुकानांतून आणावा, कारण तिथल्या गव्हाच्या पिठाची पोळी लाटताना फाटते. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. मेर्कादो सेंत्राल या मध्यवर्ती बाजारात 'काबाया' म्हणजे बांगड्याचा भाऊबंद आणि 'सार्दिना' म्हणजे तारलीच्या जातीतली मिळते. सोमवारी मासे घेऊ नका, शनिवार-रविवार होड्या निघत नाहीत.

पायरी ५: घर

आधी तीन-चार आठवड्यांची खोली घ्या, आणि ती घेतानाच विचारा: या पत्त्यावर 'पाद्रोन', म्हणजे पालिकेची रहिवासी नोंद, करू द्याल का? 'हो' लेखी मिळवा. चार पैसे जास्त पडले तरी चालतील, हा पत्ता पुढचं सगळं सोडवतो.

कायमचं घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छदाम देऊ नका. 'मालक परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल' ही ठरलेली फसवणूक आहे. शंका आली तर मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा उतारा, 'नोता सिंप्ले', दहा-बारा युरोंत ऑनलाइन मिळतो. त्यावर मालकाचं नाव असतं.

करारावरचा शब्द नीट वाचा. 'विवियेंदा आबितुआल' म्हणजे कायम वास्तव्याचा करार: खासगी मालक असेल तर तुमची इच्छा असेपर्यंत पाच वर्षं मुदतवाढ, आणि सहा महिन्यांनंतर ३० दिवसांची सूचना देऊन तुम्ही सोडू शकता. 'तेम्पोरादा' म्हणजे हंगामी करार, बहुतेक ११ महिन्यांचा. त्यात हे संरक्षण नाही. वर्षभर राहणाऱ्याला हंगामी करार दिला जातो तो मालकाला मोकळं राहायचं असतं म्हणून. २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार कायम वास्तव्याच्या करारात एजंटची फी मालकानं द्यायची असते. तुमच्याकडे 'व्यवस्थापन शुल्क' मागितलं तर कायद्याचा उल्लेख करा.

स्पॅनिश पगारपत्रक नसल्यानं नकार येतील. त्यावर उपाय म्हणजे करार, सहा महिन्यांचं बँक विवरण आणि व्हिसा यांची एक स्पॅनिश फाइल, पहिल्या भेटीतच हातात देण्यासाठी.

वस्ती निवडताना: बेनालुआ स्थानकाजवळ, सपाट आणि शांत. सान ब्लास आणि कारोलिनास बाखास स्वस्त, मध्यवस्तीत चालत जाता येतं. विद्यापीठाशेजारचं सान विसेंते ट्रामच्या दोन नंबरच्या मार्गावर, कुटुंबांना सोयीचं. प्लाया दे सान खुआन समुद्रकिनारी आहे, हिवाळ्यात ओस आणि उन्हाळ्यात महाग. जुन्या गावातलं सांता क्रूस फोटोत सुंदर दिसतं, पण पायऱ्या आणि रात्रीचा गोंगाट रोजचा. जूनमधल्या ओगेरास उत्सवात रोज दुपारी दोन वाजता लुसेरोस चौकात फटाक्यांचा कडकडाट होतो. तान्हं बाळ असेल तर त्या चौकापासून लांब राहा.

घर पाहताना तीन गोष्टी तपासा. तोंड दक्षिणेला आहे का: अलिकांतेचा हिवाळा बाहेर सुखद असतो, पण फरशीच्या, हीटर नसलेल्या उत्तरेकडच्या घरात आतच गारठा बसतो आणि भिंतीला बुरशी धरते. लिफ्ट आहे का: 'सिन आसेन्सोर', म्हणजे लिफ्ट नसलेला, चौथा मजला म्हणूनच स्वस्त असतो. आणि तळमजला शक्यतो नको. वर्षभरात पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर, पण तो येतो तेव्हा एकदम कोसळतो. ३० सप्टेंबर १९९७ ला काही तासांत २७० मिलिमीटर पडला होता. कोकणातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण तिथल्या गटारांना तसा पाऊस रोजचा नाही. त्यानंतर शहरानं सान खुआनजवळ ला मार्खाल नावाचं उद्यान बांधलं, जे पुराचं पाणी साठवून घेतं.

पायरी ६: पाद्रोन आणि ओळखपत्र

पाद्रोनसाठी पालिकेची आगाऊ वेळ, पासपोर्ट, भाडेकरार आणि भरलेला अर्ज लागतो. करार दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याची लेखी संमती. नोंद फुकट आहे. प्रमाणपत्र सहसा तीन महिनेच ग्राह्य धरतात, लागेल तेव्हा नवं काढा.

ओळखपत्राला 'तिए' म्हणतात. नो लुक्रातिवावाल्यांनी पोहोचल्यापासून एका महिन्यात त्याचा अर्ज करायचा. दूरस्थ कामाच्या एक वर्षाच्या व्हिसावर कायद्यानं कार्ड सक्तीचं नाही, तरी बँका ते मागतात, म्हणून काढलेलं बरं. लागतात ते ईएक्स-१७ अर्ज, ७९०-०१२ क्रमांकाच्या चलनाची बँकेत भरलेली पावती, फोटो, पासपोर्ट, व्हिसाच्या मंजुरीचा कागद आणि पाद्रोन. बोटांचे ठसे देऊन साधारण महिन्याभरानं कार्ड मिळतं.

खरी अडचण 'सिता प्रेविया', म्हणजे वेळ मिळण्याची. अलिकांते शहरात जागा दिसत नसतील तर त्याच प्रांतातल्या एल्चे, बेनिडॉर्मची कार्यालयंही पाहा. सकाळी संकेतस्थळ उघडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. सरकारी वेळ फुकट असते. ती पैसे घेऊन विकणाऱ्यांकडून घेऊ नका. कागदांत मदत हवी असेल तर फी घेणारा 'खेस्तोर' वैध व्यावसायिक आहे.

वीज, दवाखाना, शाळा

घरात वारंवार वीज जात असेल तर दोष तारांचा असेलच असं नाही. इथे वीजजोडणीला कमाल भाराची मर्यादा असते, छोट्या घरात बहुधा ३.४५ किलोवॅट. ओव्हन, पाण्याचा बंब आणि एसी एकत्र चालवले की ती ओलांडली जाऊन बटण पडतं. ४.६ किलोवॅट केली तर स्थिर आकार वाढतो, म्हणून आधी बंबाची वेळ बदलून पाहा. तीन स्तरांचा दर असेल तर वीज सर्वांत महाग सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १०, सर्वांत स्वस्त रात्री १२ ते ८ आणि शनिवार-रविवार दिवसभर. बंब आणि धुलाई त्या वेळेत.

आउतोनोमोची वर्गणी भरणाऱ्याला सरकारी आरोग्य सेवा मिळते, तिचं कार्ड 'सिप'. नो लुक्रातिवावाल्यांना पाद्रोनवर एक वर्ष झाल्यावर 'कोनवेनियो एस्पेसियाल', म्हणजे महिन्याला पैसे भरून याच सेवेत सामील होण्याचा करार, घेता येतो: ६५ च्या आत महिना ६० युरो, पुढे १५७. आणीबाणीसाठी ११२.

सक्तीचं शिक्षण ६ ते १६ वर्षं, सरकारी शाळा फुकट. शाळेत स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन भाषाही असते. प्रवेशाआधी शाळेचं मुख्य माध्यम विचारा.

पहिल्या सहा महिन्यांत संपणाऱ्या मुदती

वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की कर स्पेनमध्ये, आणि तो जगभरच्या उत्पन्नावर. भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्यामुळे भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. परदेशी खाती, गुंतवणूक किंवा स्थावर, यांपैकी कुठल्याही एका गटात ५०,००० युरोंच्या वर असेल तर ३१ मार्चपर्यंत त्याची माहिती देणारा 'मोदेलो ७२०' हा फॉर्म भरा. पुण्यातला फ्लॅट एकटाच ही मर्यादा ओलांडतो. नव्यानं आलेल्या कामकऱ्यांना २४ टक्क्यांच्या सपाट दराची सवलत असते, पण तिचा अर्ज, 'मोदेलो १४९', सामाजिक सुरक्षेत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांतच द्यावा लागतो. एक दिवस उशीर झाला तरी सवलत जाते. आउतोनोमोला ती मिळेल का, हे नोंदणीआधी कर सल्लागाराला विचारा.

भारतीय वाहन परवानाही वास्तव्याच्या पहिल्या सहा महिन्यांपुरता चालतो. तो बदलून मिळत नाही, नव्यानं परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते. रस्त्यावरच्या परीक्षेत मात्र परीक्षक स्पॅनिशमध्ये बोलतो, म्हणून शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून 'देरेचा' म्हणजे उजवीकडे, 'इस्किएर्दा' म्हणजे डावीकडे, 'रोतोंदा' म्हणजे वर्तुळाकार चौक, हे शब्द कानात बसवा. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि वर्तुळात आधीपासून असलेल्या गाडीला वाट द्यायची असते. नवखे नापास होतात ते बहुधा याच चौकात.